दहा मिनिटांची वीज

माणसे आपल्या घराण्याचा इतिहास लिहायला बसली की कुलवृत्तान्त उघडतात, देवघरातल्या टाकांचे वय काढतात. आमच्या घराण्याचा इतिहास मी वेगळ्या साधनावरून लिहू शकतो. वीज गेल्यावर आम्ही काय लावत होतो, त्यावरून. चिमणी, कंदील, मेणबत्ती, पाठीत धपका घातल्याशिवाय न पेटणारी दोन सेलची बॅटरी, इन्व्हर्टर आणि यूपीएस असे आमचे सहा कालखंड पडतात. पहिल्या चार कालखंडांत वीज गेल्याने आमचे कधी काही बिघडले नाही. उलट अभ्यास बंद पडून भेंड्या सुरू होत, म्हणून आम्ही मुले तिच्या जाण्याकडे डोळे लावून बसत असू.

इतिहासाने वळण घेतले ते २००५ साली. त्या वर्षी आमच्या घरात कॉम्प्युटर आला आणि महाराष्ट्रात लोडशेडिंग बोकाळले. त्याला सरकारी मराठीत भारनियमन म्हणतात. हा शब्द मी प्रथम वाचला तेव्हा लठ्ठ माणसांसाठी एखादी योजना निघाली असावी अशी माझी समजूत झाली होती.

आम्ही राहतो कऱ्हाडला. गावाशेजारून कोयना येते आणि कृष्णेला समोरासमोर भेटते. ज्या कोयनेच्या पाण्यावर वीज तयार होते, तिच्या काठावर आम्ही मेणबत्त्या शोधत बसायचो. अहो, साखर कारखान्याच्या दारात राहून गुळाचा चहा प्यावा, तशातली गत!

कॉम्प्युटर आणला होता चिरंजीवांच्या अभ्यासासाठी. (तो सगळ्यांच्याच घरी अभ्यासासाठी येतो.) पण त्यावर ताबा मिळवला अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. अप्पा १९५८ साली कोयना प्रकल्पाच्या कचेरीत कारकून म्हणून लागले. कोयनेची पहिली वीज निघाली १९६२ साली, आणि माझाही जन्म त्याच सालचा. "एकीनं महाराष्ट्र उजळला आणि दुसऱ्यानं..." एवढे बोलून अप्पा वाक्य अर्धवट सोडत असत. टायपिंगचा हात पक्का होता, त्यामुळे वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी त्यांची बोटे नव्या यंत्रावरही धावू लागली. त्यांनी आठवणी लिहायला घेतल्या.

एका दुपारी ते जेवण आटोपून जे बसले ते उठेचनात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप ते लिहीत होते. त्या पहाटे कोयनानगर जमीनदोस्त झाले आणि दोनशेच्या आसपास माणसे गेली. मी तेव्हा पाच वर्षांचा. मला फक्त थंडी आणि कुणाची तरी घोंगडी आठवते. अप्पा त्या रात्रीविषयी घरात कधी अक्षर बोलले नव्हते. त्या दुपारी मात्र नऊ पाने झाली.

वेळापत्रकाप्रमाणे वीज चार वाजता जायची होती. ती पावणेचारला गेली. ठरलेल्या वेळेच्या आधी काम उरकल्याचे आमच्या पाहण्यातले ते पहिलेच उदाहरण.

"वीज आली की दिसेल ना परत?" अप्पांनी विचारले.

कुणी उत्तर दिले नाही. लिहिलेले 'सेव्ह' करावे लागते, हे त्यांना आम्ही कुणी सांगितलेच नव्हते. आणि त्यांना तरी कसे सुचावे? टाइपरायटरवर उमटलेले अक्षर वीज गेली म्हणून कागदावरून कधी उठून गेले नव्हते. अप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि फिरायला निघून गेले. त्यानंतर त्यांनी कॉम्प्युटरला हात लावला नाही.

आता काहीतरी करणे भाग होते. शेजाऱ्यांच्या सल्ल्याने मी एक इन्व्हर्टर आणला. खाली ट्रंकेएवढी बॅटरी, वर पेटी. वीज गेली की दिवे लागत आणि पंखे फिरत, पण फिरताना भजनी मंडळासारखा सूर धरत. स्वस्तातल्या इन्व्हर्टरची लहर चौकोनी असते, म्हणून पंखे घोंगावतात, असे नंतर कळले. ते चालले असते. पण कॉम्प्युटर दर वेळी बंद होऊन पहिल्यापासून सुरू व्हायचा! कॉम्प्युटरच्या पोटात जेमतेम पंधरा-वीस मिलिसेकंद पुरेल एवढीच शिदोरी असते. सेकंदाचा पन्नासावा भाग म्हणा. आमचा इन्व्हर्टर तेवढ्यात जागा होत नव्हता. दिव्याला ती डुलकी कळत नाही, कॉम्प्युटरला कळते.

एकदा फसल्यावर सुशिक्षित माणूस जे करतो तेच मी केले. माहितीपत्रक वाचायचे सोडून विषयाचा इतिहास वाचू लागलो.

इतिहास मोठा मजेचा निघाला. पुण्यात नाना फडणवीस वारले १३ मार्च १८०० रोजी. मराठी राज्यातले शहाणपण त्यांच्याबरोबर गेले म्हणतात. त्यानंतर बरोबर सातव्या दिवशी, २० मार्चला, इटलीतल्या व्होल्टा नावाच्या प्राध्यापकाने लंडनच्या रॉयल सोसायटीला एक पत्र धाडले. जस्ताच्या आणि चांदीच्या चकत्या एकाआड एक रचून मध्ये खारवलेल्या पाण्यात भिजवलेले तुकडे घातले की सतत वीज मिळते, असे त्यात होते. ही पहिली बॅटरी. म्हणजे एका आठवड्यात इकडे शहाणपण गेले आणि तिकडे वीज आली! पण व्होल्टाची बॅटरी संपली की संपली. रिकामी झालेली बॅटरी पुन्हा भरता येते, हे दाखवले फ्रान्सच्या गास्तों प्लांतेने १८५९ साली. आपल्याकडे सत्तावनचा धुरळा अजून पुरता बसला नव्हता, तेव्हा हा गृहस्थ शिशाचे दोन पत्रे गुंडाळून गंधकाच्या आम्लात बुडवत होता. १८८१ साली कामीय फोर याने पत्र्यांवर शिशाच्या संयुगाचा लगदा थापून ती बॅटरी अधिक ताकदवान केली. संपला इतिहास. माझ्या घरातल्या ट्रंकेतही तेच शिसे आणि तेच आम्ल होते. कॉम्प्युटर कालचा आणि त्याचा राखणदार दीडशे वर्षांचा!

एवढी विद्वत्ता घेऊन मी यूपीएस घ्यायला गेलो. डब्यावर लिहिले होते ६०० व्हीए. मी खूश झालो. मग बारीक अक्षरांत दिसले, ३६० वॅट. हा काय प्रकार, म्हणून विचारता दुकानदार म्हणाला, "साहेब, व्हीए म्हंजे कागदावरचा पगार आन् वॅट म्हंजे हातात पडतोय तो." कारकुनाच्या मुलाला याहून सोपे करून सांगायची गरज नव्हती.

यूपीएसच्या पोटातली बॅटरी बारा व्होल्टची आणि सात अँपिअर-तासांची होती. गुणाकार केला, ८४ वॅट-तास. आमचा कॉम्प्युटर, त्याच्या त्या डेऱ्याएवढ्या पडद्यासकट, दीडशे वॅट खायचा. म्हणजे अर्धा तास तरी निघावा. प्रत्यक्षात घड्याळ लावून पाहिले तर अकरा मिनिटांत यंत्राने केकाटत मान टाकली. बॅटरीला घाईने पिळले की ती पूर्ण रस देत नाही, आणि बाराचे दोनशे तीस व्होल्ट करताना वाटेतही थोडे सांडते. मी तरातरा दुकान गाठले.

"अहो, अकरा मिनिटं? एवढ्यात माणसानं काम काय करायचं?"

"साहेब," तो शांतपणे म्हणाला, "ह्ये काम करायला नसतंय. आवरायला असतंय."

मी निमूटपणे घरी आलो आणि हा संवाद जेवताना सांगितला. अप्पा तीन आठवड्यांत प्रथमच हसले.

"बरोबर बोलला तो. अरे, वीजघरालासुद्धा बॅटरी लागते!"

"वीजघराला?"

"मग! सगळंच बंद पडलं तर यंत्रं नीट थांबवायची कशी? वेगळी खोलीच असते. दोन-दोन व्होल्टचे शंभरावर सेल ओळीनं मांडलेले. पोफळीचं वीजघर उभं राहत होतं तेव्हा त्या सेलमध्ये घालायच्या शुद्ध पाण्याचं बिल माझ्या टेबलावर आलं. मी नवीन होतो. साहेबांना विचारलं, धरणभर पाणी असताना हे विकतचं कशाला? साहेब चहा सांडेस्तोवर हसले."

दुसऱ्या दिवशी अप्पा पुन्हा कॉम्प्युटरपुढे बसले. प्रत्येक वाक्यानंतर सेव्ह करीत. पूर्णविराम दिला की सेव्ह, स्वल्पविरामालाही सेव्ह. वीज दोनदा गेली, यूपीएस दोनदा केकाटला, अप्पांनी दोनदा शांतपणे आवरले. भूकंप पुरा झाला. पाने भरली चार.

"अप्पा, आधी नऊ होती ना?"

"गेली ती गेली. आता आवरतं घेतलंय."

अप्पा २०१३ साली गेले. त्या यूपीएसची बॅटरी तोवर दोनदा बदलून झाली होती. तीन-चार वर्षांपलीकडे ती साथ देत नाही. आता माझ्याकडे लॅपटॉप आहे, त्याच्या पोटातच लिथियमची बॅटरी असते आणि ती काही तास चालते. तरीही कुणी यूपीएस कुठला घेऊ म्हणून विचारले तर मी सांगतो, आधी वॅट मोजा, मग आवरायला किती मिनिटे लागतील ते मोजा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सेव्ह करायला पहिल्या दिवशी शिकवा.

ती चार पाने मी छापून ठेवली आहेत. त्यांत एके ठिकाणी अप्पांनी लिहिले आहे की अंधारात घर हलू लागताच ते शेजारी झोपलेल्या मुलाला कवटाळून बाहेर धावले, अंगणात आल्यावर कळले की हातात उशी आहे, म्हणून ते पुन्हा आत गेले. पुढचे वाक्य भिंत कधी पडली याविषयी आहे. मधले काहीच नाही. ते आत कसे शिरले, मी कुठे सापडलो, बाहेर कसे आलो, हे सारे बहुधा त्या नऊ पानांत असणार.

उशीचे पुढे काय झाले, तेही.