रेल्वेचं बोलणं आणि खोडदचे कान

येडगावात रेल्वे नाही. पण पुणे-नाशिक गाडी नारायणगावावरून जाणार म्हणून गटाच्या बैठकीत जमिनीच्या गोष्टी आम्ही कितीदा ऐकल्या! अडलं ते खोडदच्या दुर्बिणीपाशी.

गाडी एकटा ड्रायव्हर चालवत नाही. विभागाच्या कंट्रोल ऑफिसात रुळांच्या एकेका टप्प्याला एक सेक्शन कंट्रोलर असतो. पूर्वी तो तारेच्या एकाच फोनवर टप्प्यातल्या सगळ्या स्टेशनांचं ऐकायचा आणि कागदावर प्रत्येक गाडीची रेघ ओढायचा. कुठली थांबवायची, कुठली आधी सोडायची, ते रेघांवरून ठरायचं. (आपली गटाची वहीच म्हणा, पण इथे चूक महागात पडते.) पुढे ड्रायव्हर-गार्डच्या हाती वॉकीटॉकी आली. 2021 मध्ये केंद्राने रेल्वेला 700 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या लहरी दिल्या.

खोडद परिसरातल्या 30 तबकड्याही याच पट्ट्यांत आकाश ऐकतात. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने त्या 1990 च्या दशकात उभ्या राहिल्या, कारण इथे रेडिओचा गोंगाट कमी. ताऱ्यांकडून येणारा आवाज इतका क्षीण, की शेजारची वॉकीटॉकी म्हणजे कानाशी ढोल. शेवटी रेल्वेमंत्र्यांनीच मार्ग बदलावा लागेल असं सांगितलं.

दुर्बीण हलवा, असं आमच्या गटात कुणी म्हणालेलं नाही. पण पुण्याला माल न्यायला अजून एसटीच धरावी लागते.