अनुक्रमणिका, संगीत-नियतकालिकांतील

संगीतविषयक मासिकाच्या वा त्रैमासिकाच्या अंकातील लेख, स्वरलिपी, चरित्रे, ग्रंथपरीक्षणे व वृत्ते यांची शीर्षके, लेखकांची नावे आणि पृष्ठांक ज्या पृष्ठावर क्रमाने दिलेले असतात, त्यास अनुक्रमणिका म्हणतात. अन्य नियतकालिकांत तिचे कार्य मुख्यतः मार्गदर्शनाचे असते. संगीताच्या नियतकालिकात मात्र तिला वर्गीकरणाचे कार्यही करावे लागते. कारण चीज ही परंपरेने कंठस्थ असून तिला स्वतंत्र शीर्षक नसते. ती रागाखाली नोंदवावी, आरंभीच्या शब्दांखाली की रचनाकाराच्या नावाखाली, हा प्रश्न ती छापली जाताना उद्‌भवतो. ज्या गानप्रकाराला अनुक्रमणिकेत स्थान नसते, तो अंकात क्वचितच येतो आणि आला तरी पुढील अभ्यासकाला सहसा सापडत नाही. अमरावती व अकोला या वऱ्हाडातील भागांच्या गानपरंपरांवरून हे विशेष स्पष्ट होते.

पूर्वपीठिका : अनुक्रमणीची परंपरा भारतात मुद्रणाहून फार प्राचीन आहे. कात्यायनाच्या सर्वानुक्रमणीत ऋग्वेदातील प्रत्येक सूक्ताचे प्रतीक म्हणजे आरंभीचे शब्द, ऋक्संख्या, ऋषी, देवता व छंद दिलेले आहेत. प्रतीक, राग, ताल व रचनाकार अशी चीजेची आधुनिक नोंद याच पद्धतीशी जुळणारी आहे. देवगिरीच्या यादव सिंघण राजाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्‌गदेवाने तेराव्या शतकात रचलेल्या संगीतरत्नाकर या ग्रंथाच्या प्रथम अध्यायात ‘पदार्थसंग्रह’ हे प्रकरण असून त्यात पुढील विषयांची यादी श्लोकबद्ध केलेली आहे. स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य व नर्तन हा त्याच्या सात अध्यायांचा क्रम आहे. वऱ्हाड त्या काळी यादवांच्याच राज्यात मोडत असे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे याच शतकात महानुभाव पंथातील महदाइसेने गोविंदप्रभूंच्या विवाहोत्सवात धवळे म्हटले. तिच्या मातृकी रुक्मिणी-स्वयंवरात पद्यांची योजना वर्णमालेच्या क्रमाने केलेली आहे. ही योजना सूचीसाठी केलेली नव्हती. तथापि वर्णक्रमाने लक्षात ठेवण्याची रीत या प्रदेशाला परिचित होती, एवढे तीवरून दिसते.

संगीत-नियतकालिकांचा उदय : पुणे गायन समाजाची स्थापना १८७४ मध्ये झाली आणि १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या शाकुंतलापासून संगीत नाटकाला बहर आला. नाटकातील पदांची छोटी पुस्तके प्रेक्षकांना विकली जात. त्यांत पदे अंकक्रमाने देत आणि अनेकदा पदावर रागाऐवजी परिचित ‘चाल’ निर्दिष्ट करीत. मुंबई-नागपूर लोहमार्ग आणि कापसाचा व्यापार यांमुळे नाटक मंडळ्यांचे दौरे वऱ्हाडात होत आणि हे संगीत तेथील सामान्य श्रोत्यांपर्यंत पोहोचे.

विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. विद्यालयाबरोबरच त्यांनी क्रमिक पुस्तकांच्या प्रकाशनाकडे लक्ष दिले आणि संगीतामृत प्रवाह हे मासिकही चालविले. हाथरस येथून १९३५ पासून निघू लागलेल्या संगीत या हिंदी मासिकाने एकेका विषयाला वाहिलेल्या विशेषांकांची प्रथा रूढ केली. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे संगीत कला विहार हे मुखपत्र १९४७ मध्ये सुरू झाले. त्याच्या संपादनात बा. र. देवधर (१९०१–९०) यांचा मोठा वाटा होता. त्यांनी त्यातून लिहिलेली गायक-वादकांची चरित्रचित्रे पुढे थोर संगीतकार या ग्रंथात संकलित झाली. मोठ्या गवयांच्या सहवासापासून दूर असलेल्या, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याला असे मासिक उपयुक्त असे. अनुक्रमणिका पाहताना त्याचा पहिला प्रश्न, आपल्या अभ्यासक्रमातील राग या अंकात आहे काय, हाच असणे स्वाभाविक होते.

मांडणी व मुद्रण : सर्व पृष्ठांक निश्चित झाल्याखेरीज अनुक्रमणिका पूर्ण होत नाही. त्यामुळे खिळ्यांच्या छपाईत ती अखेरीस जुळविणे भाग असे आणि मुखपृष्ठाच्या आतील बाजूस घेणे सोयीचे ठरे. शीर्षक डावीकडे, पृष्ठांक उजवीकडे व मध्ये टिंबांची ओळ ही तिची सामान्य रचना होय. आवर्तनांनुसार रकाने पाडलेली स्वरलिपी मध्येच तोडून पुढील पृष्ठावर नेता येत नसल्याने ऐनवेळी पृष्ठांक बदलत.

अनुक्रमणिकेजवळ स्वरचिन्हांचा तक्ता देणेही आवश्यक असते. वि. ना. भातखंडे यांच्या पद्धतीत स्वरावरील बिंदू तार सप्तक दर्शवितो, तर पलुस्करांच्या पद्धतीत तोच मंद्र सप्तक दर्शवितो. स्वरावरील उभी रेघ भातखंडे पद्धतीत तीव्र मध्यमाची, तर पलुस्कर पद्धतीत तार सप्तकाची खूण आहे. कोणती पद्धती वापरली आहे हे न कळल्यास गुरूविना शिकणाऱ्या वाचकाचे सप्तकच चुकते.

वर्णानुक्रमातही अडचणी असतात. यमन व ईमन, भूप व भूपाली अशी एकाच रागाची नामांतरे आढळतात. मियाँकी तोडी ‘म’खाली द्यावी की ‘त’खाली, हे ठरवावे लागते. चीजेच्या आरंभीचे ‘ए’, ‘अरे’ यांसारखे संबोधन एका घराण्यात असते व दुसऱ्यात गळते. त्यामुळे प्रतीकानुसार लावलेल्या यादीत एकच चीज दोन ठिकाणी जाऊ शकते. यावर एक नाव मुख्य धरून अन्य नावांपुढे त्याचा निर्देश करणे हा उपाय होय.

वऱ्हाडातील गानप्रकार : अमरावतीचे वीर वामनराव जोशी (१८८१–१९५६) यांचे रणदुंदुभि हे नाटक १९२७ मध्ये बलवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले. त्यातील पदे वामनरावांची, चाली रामकृष्णबुवा वझे यांच्या आणि गायन दीनानाथ मंगेशकरांचे. अशा पदाची नोंद एकाच नावाखाली केल्यास उरलेल्या दोघांचे श्रेय लोपते. अमरावतीचेच सुरेश भट (१९३२–२००३) यांच्या गायल्या गेलेल्या गझलांबाबतही कवी, संगीतकार व गायक अशी तिहेरी नोंद करावी लागते. याउलट यावलीस जन्मलेले आणि मोझरीच्या गुरुकुंज आश्रमातून कार्य करणारे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–६८) खंजिरीवर स्वतःचीच भजने गात. तेथे नाव एकच. परंतु राग व ताल हे रकाने त्या भजनांचे मर्म सांगू शकत नाहीत. गाडगे महाराजांच्या (१८७६–१९५६) कीर्तनात वऱ्हाडी बोलीतील प्रश्नोत्तरे व सामूहिक नामघोष एकमेकांत मिसळलेले असत. त्याची गणना भाषणात करावी की गायनात, याचे उत्तर प्रचलित सदरांत मिळत नाही.

भाद्रपद पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणतात. त्यांचा रचनाकार अज्ञात असतो, राग सांगितला जात नाही आणि प्रतीक गावोगाव बदलते. रागप्रधान अनुक्रमणिकेत त्यांचे चारांपैकी तीन रकाने रिकामे किंवा संदिग्ध राहतात. हा दोष गाण्यांचा नसून रकान्यांचा आहे. गाण्याचा प्रसंग, गाव, गाणाऱ्यांचा वर्ग, साथीचे वाद्य, गाणे कोणाकडून व केव्हा ऐकले याची माहिती, असे वेगळे रकाने योजल्यास त्यांची नोंद तितक्याच काटेकोरपणे करता येते.

वार्षिक सूची : अंकाची अनुक्रमणिका त्या महिन्याच्या वाचकासाठी असते, वर्षाचे अंक एकत्र बांधल्यावर लेखक, राग, व्यक्ती व विषय अशी वार्षिक सूची आवश्यक ठरते. मुखपृष्ठे काढून अंक बांधण्याची रीत ग्रंथालयांत आढळते. अनुक्रमणिका मुखपृष्ठावर छापलेली असल्यास अशा वेळी तीही नष्ट होते आणि संपूर्ण खंड चाळण्यावाचून गत्यंतर राहत नाही. जुन्या अंकांच्या संगणकीय प्रती उपलब्ध होऊ लागल्यानंतरही ही गरज संपलेली नाही. शोध छापील शब्दाचा लागतो. ज्या गाण्याला नाव, गाव वा प्रसंग यांपैकी काहीच जोडलेले नाही, ते प्रतीत असूनही हाती येत नाही.