आगीतून आपोआप निघालेलं वासरू

बायबलमधली सगळ्यात विनोदी सबब बहुधा अहरोनाची आहे. मोशे डोंगरावर गेलेला असतो, खाली लोकांना धीर धरवत नाही, म्हणून अहरोन त्यांच्याकडून सोन्याची कुंडलं गोळा करतो आणि वासरू घडवतो. निर्गमाच्या ३२व्या अध्यायात आधी स्पष्ट लिहिलंय की त्यानं ते हत्यारानं घडवलं. पण मोशे परत येऊन जाब विचारतो तेव्हा हाच गृहस्थ सांगतो की हे लोक कसे आहेत ते तुला माहीतच आहे, मी आपलं सोनं आगीत टाकलं आणि हे वासरू बाहेर आलं. आपोआप!

अशा सबबी बायबलभर आहेत. आदाम बायकोकडे बोट दाखवतो, बायको सापाकडे. शौल राजा लुटीतली धष्टपुष्ट मेंढरं ठेवून घेतो आणि शमुवेलाला सांगतो की ती यज्ञासाठी ठेवली, तीही लोकांनी. पिलात पाणी मागवून हात धुतो. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे: यांच्यापैकी कुणालाही आपण काय केलं ते कळलं नव्हतं, असं नाही. ज्याला चूक दिसलेलीच नसते तो सबब शोधत बसत नाही. म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाला सबब फार उपयोगी पडते. माणसाला आतून काय ठाऊक होतं, त्याचा तो कागदावरचा पुरावा असतो.

पॉडकास्टच्या भागात आपण अटलांटिक गुलामव्यापाराबद्दल बोललो, त्यात हा धागा राहून गेला. हा व्यापार करणारे बहुतेक लोक स्वतःला ख्रिस्ती म्हणवत होते, नेमानं प्रार्थना करत होते. मग मनाशी त्यांचा हिशेब कसा जुळत होता?

सुरुवात पोर्तुगालच्या लागोस बंदरापासून करू. ८ ऑगस्ट १४४४ रोजी तिथे आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पकडून आणलेल्या २३५ माणसांची वाटणी झाली. राजपुत्र हेन्री घोड्यावर बसून हजर होता, त्याच्या वाट्याला पाचवा हिस्सा म्हणून ४६ जण आले. झुरारा नावाच्या दरबारी बखरकारानं पुढे याचं वर्णन लिहिलं. हिस्से सारखे व्हावेत म्हणून नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, आईला बिलगलेली पोरं ओढून वेगळी काढलेली. झुरारा लिहितो की हे दुःख बघून आपल्याला रडू येतं, कारण हीही आदामाचीच लेकरं. आणि मग लगेच स्वतःची समजूत घालतो: यांचे देह बंधनात गेले तरी आत्म्यांचं तारण होईल, ही ख्रिस्ती होतील.

हे अश्रू खोटे होते असं मला वाटत नाही. खोटे असते तर गोष्ट सोपी झाली असती. त्याला दिसत होतं, कळत होतं, आणि नेमकं कळल्यावरच त्याला ती सबब लागली.

पण या सबबीत एक अडचण होती. तारणासाठी माणसं धरून आणली म्हणता, तर त्यांचा बाप्तिस्मा झाल्यावर काय? ख्रिस्ती माणसानं ख्रिस्ती माणसाला गुलाम ठेवू नये अशी समजूत तेव्हा इंग्रजांत होती. त्यामुळे वसाहतींमधले अनेक मालक गुलामांना बाप्तिस्मा देऊच देईनात. म्हणजे ज्या कारणासाठी हे सगळं चाललंय असं सांगायचं, तेच घडू द्यायचं नाही! १६६७ मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळानं हा तिढा कायद्यानं सोडवला: बाप्तिस्म्यानं गुलामाची स्थिती बदलत नाही. प्रस्तावनेत म्हटलं की आता मालक निर्धास्तपणे धर्मप्रसार करू शकतील.

एक सबब झिजली की दुसरी तयार असते. नोहाचा शाप ही तशी दुसरी. नोहाच्या हाम नावाच्या मुलाला शाप मिळाला, आफ्रिकेतले लोक हामचे वंशज, म्हणून त्यांच्या नशिबी दास्य, असा युक्तिवाद अमेरिकेत एकोणिसाव्या शतकापर्यंत चर्चच्या व्यासपीठांवरून होत राहिला. उत्पत्तीचा ९वा अध्याय उघडून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. शाप हामला नाही, त्याच्या मुलाला, कनानला आहे. तो देव देत नाही, द्राक्षारसाच्या झिंगेतून नुकताच जागा झालेला नोहा देतो. कातडीच्या रंगाचा तिथे उल्लेखही नाही. शेकडो वर्षं शास्त्र शिकलेल्या लोकांना हे दिसलं नसेल?

आणि खुद्द चर्चच मालक असेल तर? १७१० मध्ये क्रिस्टोफर कॉड्रिंग्टन वारला आणि त्याच्या मृत्युपत्रानं बार्बाडोसमधले उसाचे दोन मळे चर्च ऑफ इंग्लंडच्या धर्मप्रसारक सोसायटीला मिळाले. तिथे कायम ३०० गुलाम ठेवावेत, अशी अटही त्यात होती. सुरुवातीच्या काळात या मळ्यांवरच्या माणसांच्या छातीवर तापल्या लोखंडानं 'सोसायटी' हा शब्द डागला जाई. उत्पन्न मात्र सत्कार्यासाठी. १७६० मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप सेकर यांनी एका पत्रात लिहिलं की मळ्यांवरचे गुलाम सतत कमी होत जातात आणि नवे आणावे लागतात, याचं आपल्याला फार दिवस आश्चर्य आणि दुःख वाटतंय, यात माणुसकीची काहीतरी उणीव असली पाहिजे. पण सध्या आहे ते आहे तसंच धरून चालावं लागेल. झुरारापासून तीनशे वर्षं उलटली होती. आधी दुःख, मग 'पण'. वाक्याची घडण तीच.

इथे एक प्रश्न हमखास येतो: आजच्या मापानं त्या लोकांना मोजणं बरोबर आहे का, त्या काळी सगळेच तसं करायचे ना? ही सबब त्यांच्या वतीनं आपणच देतो, आणि ती टिकत नाही. सगळे तसं करत नव्हते. ज्यांना पकडून आणलं ते तर पहिल्या दिवसापासून विरोध करत होते, त्यांना 'सगळे' मध्ये कुणी धरत नाही एवढंच. आणि गोऱ्यांमध्येही, १६८८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउन गावी चार जणांनी निषेधाचा अर्ज लिहिला. मुद्दा अगदी साधा: आपल्याशी लोकांनी जसं वागावं असं वाटतं तसंच आपण त्यांच्याशी वागावं, ही येशूची शिकवण असेल तर माणूस विकत कसा घेता येईल? क्वेकर पंथाच्या मासिक सभेनं प्रकरण फार वजनदार आहे म्हणून अर्ज तिमाही सभेकडे पाठवला, तिमाहीनं वार्षिक सभेकडे. वार्षिक सभेला त्यावर निर्णय देणं उचित वाटलं नाही. सरकारी कचेरीत फाइल कशी फिरते ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे ओळखीचं वाटेल. याच वार्षिक सभेनं गुलाम बाळगायला सभासदांना पूर्ण बंदी केली १७७६ मध्ये. मध्ये ८८ वर्षं गेली.

त्या ८८ वर्षांत बेंजामिन ले नावाचा एक माणूस होऊन गेला. जेमतेम चार फूट उंचीचा, पाठीला पोक, आणि गप्प बसणं स्वभावातच नाही. १७३८ मध्ये न्यू जर्सीतल्या बर्लिंग्टनला वार्षिक सभा भरली असताना तो अंगरखा पांघरून आत आला. अंगरख्याखाली तलवार, हातात पोखरलेलं पुस्तक, पुस्तकात फळांचा लाल रस भरलेली पिशवी. भाषण करता करता त्यानं तलवार पुस्तकात खुपसली आणि तो 'रक्ताचा' सडा जवळच्या गुलाममालकांवर उडाला. त्याला उचलून बाहेर काढलं, पंथानंही त्याला नाकारलं. ले साखर खात नसे, कारण ती कुणाच्या श्रमातून येते ते त्यानं बार्बाडोसमध्ये राहून पाहिलं होतं. १७५८ मध्ये, तो वारण्याच्या आदल्या वर्षी, वार्षिक सभेनं माणसांची खरेदी-विक्री करणाऱ्या सभासदांवर कारवाई करायचं ठरवलं.

ले सारख्यांवर फार कथा नाहीत. जॉन न्यूटनवर भरपूर आहेत, कारण 'अमेझिंग ग्रेस' त्यानं लिहिलं. लोकप्रिय कथा अशी की गुलामांच्या जहाजाचा कप्तान वादळात सापडतो, देवाचा धावा करतो, पालटतो आणि तो धंदा सोडून देतो. तारखा लावून बघितल्या की कथा उलगडते. वादळ १७४८ चं. गुलामवाहू जहाजाचा कप्तान तो त्यानंतर झाला, १७५० मध्ये, आणि १७५४ पर्यंत राहिला. जहाजावर तो खलाशांसाठी प्रार्थना घ्यायचा. बंडाच्या कटाच्या संशयावरून मुलांच्या अंगठ्यांना स्क्रू लावून कबुलीजबाब घेतल्याची नोंद त्याच्याच हातची आहे. धंदा सुटला तो एका आजारपणामुळे. पुढे १७६४ मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध करताना त्यानं लिहिलं की तेव्हा या कामात वावगं असं काही वाटलं नाही, समाजात ते प्रतिष्ठेचंच मानत. पण त्याच पुस्तकात हेही आहे की मी स्वतःला तुरुंगाधिकाऱ्यासारखा समजायचो, आणि जास्त माणुसकीचं काम मिळावं म्हणून प्रार्थना करायचो. वावगं वाटत नव्हतं तर ही प्रार्थना कशासाठी?

त्यानं जाहीर निषेध केला १७८८ मध्ये, धंदा सुटल्यानंतर ३४ वर्षांनी. त्या पुस्तिकेचं मोल मोठं आहे. तिच्यात तो परिस्थितीवर काही ढकलत नाही, जहाजावर काय काय चालायचं ते आपल्या तोंडानं सांगतो आणि कबुली फार उशिरा येतेय असंही म्हणतो. पुढे संसदेच्या समितीसमोर साक्षही दिली. अहरोनानं 'मी घडवलं' म्हटलं असतं तर ते साधारण असं दिसलं असतं.

१८०७ मध्ये ब्रिटनच्या संसदेनं गुलामव्यापारावर बंदी घातली. त्याच वर्षी लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी खास छाटलेलं बायबल छापलं गेलं. त्यात जुन्या कराराचा सुमारे नव्वद टक्के भाग नाही. मिसरच्या दास्यातून लोक बाहेर पडतात तो निर्गमाचा भाग नाही. दास आणि स्वतंत्र असा भेद उरला नाही, हे पौलाचं गलतीकरांस लिहिलेलं वचन नाही. दासांनी धन्याची आज्ञा पाळावी, हे इफिसकरांस लिहिलेलं वचन मात्र शाबूत आहे. या पुस्तकाहून मोठी कबुली मला माहीत नाही. पुस्तक आपल्या बाजूचं आहे अशी खात्री असती, तर कात्री कशाला लागली असती?

शास्त्राचा आधार ज्यांना फायदा होतो त्यांनीच कसा रचला असतो, हा प्रश्न आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी विचारला. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं आणि ते अमेरिकेतल्या काळ्या लोकांना दास्यातून सोडवणाऱ्या सज्जनांना अर्पण केलं. अमेरिकेतल्या सबबी आणि मनुस्मृतीतल्या सबबी एकाच जातीच्या आहेत, हे त्यांना पुण्यात बसून दिसलं होतं.

शेवटची मोठी सबब कायद्याच्या पोटातच आहे. १८३३ च्या कायद्यानं ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी संपवायचं ठरलं, पण ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळून. आपल्याकडचा कायदा आला १८४३ मध्ये. नुकसानभरपाई म्हणून २ कोटी पौंड मंजूर झाले, ते मालकांना, कारण त्यांची 'मालमत्ता' जात होती. कॉड्रिंग्टनच्या मळ्यांपोटी धर्मप्रसारक सोसायटीला आठ हजार पौंडांहून जास्त मिळाले. चर्चच्या महासभेनं याबद्दल माफी मागितली २००६ मध्ये. राबलेल्या माणसांना एक पेनी मिळाली नाही. उलट, स्वातंत्र्यासाठी ती अजून तयार नाहीत असं सांगून त्यांना 'उमेदवार' या नावाखाली आणखी काही वर्षं फुकट राबवलं. मॉरिशसच्या वाचकांना पुढचं घरातूनच ठाऊक असेल: १८३४ पासून तिथल्या मळ्यांवर हिंदुस्थानातून गिरमिटिया मजूर आणले गेले, त्यांत कोकणातली मराठी माणसंही होती. करारावर अंगठा आहे ना, मग राजीखुशीनंच आले की, असं मळेवाले म्हणत.

त्या २ कोटींसाठी काढलेलं कर्ज नंतरच्या सरकारी कर्जरोख्यांत मिसळत गेलं. ते पूर्ण फिटलं २०१५ मध्ये, असं ब्रिटनच्या अर्थखात्यानं २०१८ मध्ये जाहीर केलं. म्हणजे तुमच्या आईबाबांनी त्याआधी लंडनला किंवा लेस्टरला नोकरी केली असेल, तर त्यांच्या पगारातून कापलेल्या करातला थोडा हिस्सा या कर्जाच्या फेडीला गेला आहे.