मुकुटबनहून परदेश : विमानमार्ग आणि जोडउड्डाणांचा इतिहास

मुकुटबन हे यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यातले मोठे गाव. दक्षिणेला पैनगंगा आणि तिच्यापलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा. येथून परदेशी जाणाऱ्याला विमान कोणते घ्यायचे यापेक्षा ते कुठे गाठायचे हे आधी ठरवावे लागते. नागपूरचे विमानतळ सुमारे दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवर आहे, हैदराबादचे त्याच्या दुपटीने दूर आणि मुंबई रेल्वेने जवळपास एका दिवसाच्या वाटेवर. तरीही सर्वांत जवळचे विमानतळ सोयीचे ठरेलच असे नाही. परदेशाची वाट कधी रेल्वेच्या फाट्याने ठरवली, कधी विमानाच्या पल्ल्याने, कधी दोन सरकारांतल्या कराराने, तर कधी वेळापत्रकाने. नकाशावरच्या अंतराने ती क्वचितच ठरली.

आगबोटीचा काळ

एकोणिसाव्या शतकात हा मुलूख वऱ्हाडातल्या वणी जिल्ह्यात मोडत असे. १९०५मध्ये त्या जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. १८६७मध्ये मुंबईहून येणारी रेल्वे नागपूरला पोहोचली आणि पुढच्या दशकात वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत कोळशासाठी फाटा निघाला. वणी भागातल्या माणसाला बैलगाडीने वर्धा नदी ओलांडून वरोऱ्याला गाडी धरता येऊ लागली. तेथून वर्धा, मग मुंबईचे बंदर, असा परदेशाचा रस्ता तयार झाला.

१८६९मध्ये सुएझ कालवा खुला होण्यापूर्वी इजिप्तमध्ये उतरून जमिनीवरून भूमध्य समुद्र गाठावा लागे आणि तेथे दुसरी बोट धरावी लागे. कालव्याने हा बदल टाळला, पण एडन आणि सुएझ हे थांबे कायम राहिले, कारण आगबोटीला वाटेत कोळसा भरावा लागे. अमेरिकेला जाणारा बहुधा इंग्लंडमध्ये बोट बदलत असे. आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३मध्ये कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनच्या सुरुवातीला न्यूयॉर्कला पोहोचल्या. मुंबईऐवजी कलकत्ता निवडण्याचे कारण साधे होते : पती गोपाळरावांची नोकरी तेव्हा बंगालात, श्रीरामपूरला होती.

टपालामागे आलेले विमान

लंडन आणि हिंदुस्थान यांच्यातली पहिली नियमित विमानसेवा इम्पीरियल एअरवेजने ३० मार्च १९२९ रोजी सुरू केली. प्रवासाला सात दिवस आणि भाडे १३० पौंड. लंडनहून बाझेलपर्यंत विमान, तेथून जिनोवापर्यंत रेल्वे, मग उडत्या बोटीने अलेक्झांड्रिया आणि पुढे बगदाद, बसरा, इराणचा किनारा असे टप्पे घेत कराची. मधला रेल्वेचा तुकडा आल्प्स पर्वत आणि इटलीशी चाललेला परवानगीचा वाद यांमुळे होता. इराणने किनाऱ्यावरून उडण्याची परवानगी वाढवून दिली नाही, तेव्हा १९३२मध्ये मार्ग आखाताच्या अरब बाजूला सरकला आणि शारजाला धावपट्टी व मुक्कामाची जागा झाली. भारतीय प्रवाशाचे विमान आखातात थांबण्याची प्रथा इतकी जुनी आहे.

हा मार्ग कराचीला येत असल्यामुळे देशांतर्गत विमानही कराचीशी जोडावे लागले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल आणले आणि नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. विदर्भातून पाठवलेले पत्र रेल्वेने मुंबईला, तेथून टाटांच्या विमानाने कराचीला आणि पुढे इम्पीरियलच्या विमानाने लंडनला जाऊ लागले. माणसे मात्र बहुतेक बोटीनेच जात राहिली. एवढे भाडे पेलणारे प्रवासी फारच थोडे होते.

मध्यरात्रीचे नागपूर

स्वातंत्र्याच्या सुमारास नागपूर हवाई नकाशावर ठळक झाले. डेक्कन एअरवेजने १९४६मध्ये मद्रास-हैदराबाद-नागपूर-भोपाळ-दिल्ली हा मार्ग चालवला. जानेवारी १९४९मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून रात्री एकेक विमान निघे. चारही विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव धावपट्टीवर उतरत, टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. देशाच्या मध्यभागी असल्यामुळे नागपूरची निवड झाली होती. चार शहरांना एकमेकांशी थेट जोडायला सहा मार्ग लागले असते, नागपुरात अदलाबदल केल्याने चारच पुरले. पुढच्या काळात आखाती विमानतळांनी जे जागतिक पातळीवर केले, त्याचे गणित हेच होते. ही सेवा ऑक्टोबर १९७३पर्यंत चालली.

त्याआधीच, ८ जून १९४८ रोजी, एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले होते. १९५३मध्ये विमानसेवांचे राष्ट्रीयीकरण झाले : देशातली उड्डाणे इंडियन एअरलाइन्सकडे आणि परदेशी उड्डाणे एअर इंडियाकडे गेली. त्यामुळे विदर्भातल्या प्रवाशाचा साचा ठरून गेला. नागपूरहून विमानाने किंवा रेल्वेने मुंबई, आणि तेथून एअर इंडिया किंवा एखादी परदेशी कंपनी. १९६०मध्ये बोइंग ७०७ आले आणि त्याच वर्षी मे महिन्यात लंडनमार्गे न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. विमानाचा वेग वाढला, पण मधले थांबे राहिले, कारण तेवढ्या दूर एका दमात जाणारे विमान कंपनीकडे नव्हते.

तिकिटापेक्षा परकीय चलन मिळवणे अवघड होते. परदेशाचे तिकीट घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेचा पी फॉर्म भरावा लागे आणि सोबत नेता येणारी रक्कम नाममात्र असे. १९८१मध्ये मुंबईत सहारचे आंतरराष्ट्रीय टर्मिनल सुरू झाल्यावर एक नवी अडचण आली. देशांतर्गत विमान सांताक्रूझला उतरे आणि परदेशी विमान सहारहून निघे. सामान उचलून एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर जाण्याचा वेळ जोडउड्डाणाच्या हिशेबात धरणे भाग पडले.

आखात : मुक्कामातून सांध्याकडे

कोणती कंपनी कोणत्या शहरातून किती उड्डाणे करणार हे १९४४च्या शिकागो परिषदेनंतर दोन देशांमधल्या करारांनी ठरू लागले. आखाती कंपन्यांनी असे दोन करार एकमेकांना जोडले. भारत-दुबई उड्डाणाचा हक्क एका कराराचा, दुबई-लंडनचा दुसऱ्याचा. प्रवासी मात्र एकाच तिकिटावर भारतातून लंडनला पोहोचतो. एमिरेट्सने ऑक्टोबर १९८५मध्ये सेवा सुरू केली, तेव्हा पहिल्या गंतव्यांत कराचीबरोबर मुंबईही होती. पुढे दोहा आणि अबुधाबी त्याच वाटेने गेले. या विमानतळांवर विमाने ठराविक वेळी लाटेसारखी उतरतात आणि दोन-तीन तासांत पुढच्या शहरांकडे निघतात. भारतातून आखाताकडे जाणारी पुष्कळ विमाने मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे सुटतात ती सकाळची लाट गाठण्यासाठी.

नागपूरहून एअर अरेबियाने शारजाची सेवा चालवली आणि डिसेंबर २०१५मध्ये कतार एअरवेजने दोहाचे उड्डाण सुरू केले. यवतमाळ जिल्ह्यातल्या प्रवाशाला त्यामुळे मुंबई-दिल्लीला न जाता युरोप-अमेरिकेची वाट मिळाली. दरम्यान मार्च २००८मध्ये हैदराबादला शमशाबादचे नवे विमानतळ सुरू झाले. नागपूर-हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग पांढरकवडा आणि आदिलाबादवरून जात असल्यामुळे मुकुटबनसारख्या सीमेवरच्या गावाला तो पर्यायही उघडला. माजरी-वणी-मुकुटबन-आदिलाबाद हा लोहमार्ग दोन्ही दिशांना जोडतो, आणि त्यावरून नांदेडमार्गे मुंबईला जाणारी नंदीग्राम एक्सप्रेस धावत आली आहे. परिसरातल्या चुनखडीवर उभा राहिलेला सिमेंट कारखाना २०२२मध्ये सुरू झाल्यावर बाहेरगावच्या तंत्रज्ञांची ये-जाही वाढली.

आजची निवड

नागपूर, हैदराबाद आणि मुंबई या तीन पर्यायांतले फरक अंतराहून अधिक कागदपत्रांचे आणि सामानाचे आहेत. नागपूरहून दोह्याला जाणाऱ्याचे इमिग्रेशन नागपुरातच होते. मुंबई किंवा दिल्लीमार्गे गेल्यास ते त्या शहरात होते. परतीच्या प्रवासात भारतातल्या पहिल्या विमानतळावर सामान घेऊन कस्टम्स ओलांडावे लागते, म्हणून दिल्लीत विमान बदलणाऱ्याने तेथे पुरेसा वेळ ठेवायला हवा. एकाच तिकिटावरचे पुढचे विमान चुकले, तर प्रवाशाला पुढे पोहोचवणे ही कंपनीची जबाबदारी असते. दोन वेगळी तिकिटे स्वस्त पडतात, पण चुकलेल्या विमानाचा भार प्रवाशावर येतो. युरोपातल्या काही विमानतळांवर नुसते विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो. अबुधाबीला मात्र २०१४पासून अमेरिकेचे इमिग्रेशन विमानात बसण्यापूर्वीच होते, त्यामुळे पुढची रांग वाचते. ऑक्टोबर २०२५मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाल्यामुळे मुंबईमार्गे जाणाऱ्याने दोन्ही विमाने एकाच विमानतळावरची आहेत ना, हे पाहणे पुन्हा आवश्यक झाले आहे.

विमानाचा पल्ला वाढल्याने २००७मध्ये एअर इंडियाने मुंबई-न्यूयॉर्क विनाथांबा उड्डाण केले. तरी आकाशाची परवानगी हा जुना प्रश्न मिटलेला नाही. २०१७मध्ये शेजाऱ्यांनी कतारची नाकेबंदी केल्यावर दोह्याच्या विमानांना इराणकडून वळावे लागले. फेब्रुवारी २०१९मध्ये पाकिस्तानने काही महिने आणि एप्रिल २०२५मध्ये पुन्हा भारतीय विमानांसाठी आपले आकाश बंद केले. त्यानंतर अमेरिकेला थेट जाणाऱ्या काही विमानांना व्हिएन्नासारख्या शहरात इंधनासाठी उतरावे लागले. १९३२मध्ये इराणची परवानगी न मिळाल्यामुळे मार्ग अरब किनाऱ्यावर गेला होता. त्याच कारणाने तो आजही बदलतो. म्हणून मुकुटबनहून निघणाऱ्याला तिकिटाची किंमत आणि पहिल्या विमानतळाचे अंतर एवढे पाहून भागत नाही. विमान कुठे बदलायचे, तेथे किती वेळ मिळतो आणि त्या वाटेवरचे आकाश खुले आहे का, हे आधी पाहून मगच नागपूर, हैदराबाद किंवा मुंबई ठरवणे सोयीचे पडते.