चांपानेरची रानफुले

बडोद्याहून सुमारे ५० किलोमीटरवरचा पावागड आपल्यापैकी बहुतेकांनी प्रथम पाहिला तो शाळेच्या सहलीत. पायथ्याच्या चांपानेरमधील मशिदींची नावे व सनावळ्या आपण वहीत उतरवून घेतल्या. पायांखालच्या फुलांची नोंद मात्र कोणी केली नाही. वास्तविक या नगरीचा उत्तरार्ध त्या फुलांपाशीच आहे.

महमूद बेगडा याने १४८४ मध्ये पावागड जिंकून पायथ्याशी राजधानी वसविली. ती जेमतेम अर्धशतक नांदली. १५३५ मध्ये हुमायूनने गड घेतला, पुढे राजधानी अहमदाबादेस परतली आणि रानाने घरांची जोती झाकली. १८०३ साली इंग्रजांनी शिंद्यांकडून गड घेतला, तेव्हा खालची नगरी केव्हाच अरण्यात बुडाली होती. बडोदा विद्यापीठाचे पुरातत्त्वज्ञ र. ना. मेहता यांच्या उत्खननात एका उमरावाचा वाडा आणि त्याची पाण्याच्या पाटांची बाग उजेडात आली. २००४ मध्ये हा परिसर जागतिक वारसा ठरला.

पेरलेल्या बागा गेल्या. न पेरलेल्या राहिल्या. त्यांतही जुने-नवे आहेच. पानाच्या टोकाचा आकडा करून झुडपावर चढणारी, पिवळ्यावरून लाल होत जाणारी कळलावी इथली जुनी रहिवासी. उलट जखमेवर आपण ज्याचा रस पिळत असू तो दगडी पाला, पिवळा धोतरा आणि घाणेरी ही सारी मूळची अमेरिकेची. कोलंबस तिकडे पोहोचला १४९२ मध्ये, म्हणजे बेगड्याच्या विजयानंतर आठ वर्षांनी. जामी मशिदीचा पाया रचणाऱ्या गवंड्याने दगडी पाला पाहिलेला असणे शक्य नाही. आपण मात्र त्याला अगदी घरचा मानतो!

वास्तू जपायची तर घुमटात मुळे घालणारा पिंपळ काढावाच लागतो, आणि घाणेरीही खुशाल उपटावी. परंतु साफसफाईच्या नावाखाली सरसकट खुरपणी करून हिरवळ अंथरणे मला मान्य नाही. कळलावीवर आधीच संकट आहे. तिचा विषारी कंद औषधासाठी खणून नेला जातो. नगिना मशिदीजवळच्या छत्रीवर दगडात कोरलेली वेलबुट्टी आपण जपतो, मग जिवंत वेलीचा अपराध कोणता?

आपल्या सहली हिवाळ्यात निघत. तोवर कळलावीचा वेल वाळून गेलेला असे आणि कंद मातीखाली निजलेला. तिला भेटायचे तर श्रावणात जावे लागते.