विषाणुरोधक तपासणीतील अपवाद

विषाणुरोधक तपासणीतील अपवाद म्हणजे संगणकावरील विशिष्ट फाइली, फोल्डर, फाइलींचे प्रकार किंवा प्रक्रिया तपासू नयेत, असे विषाणुरोधक सॉफ्टवेअरला सांगणारी नोंद होय. तिला ‘वगळणूक’ असेही म्हणता येईल. घरच्या संगणकावर अशी नोंद क्वचितच करावी लागते. मोठ्या संस्थांच्या संगणकजाळ्यात मात्र ती मध्यवर्ती धोरणाद्वारे शेकडो संगणकांना एकाच वेळी लागू होते, त्यामुळे तिच्यातील चूकही तितकीच दूर पसरते.

गरज

विषाणुरोधक सॉफ्टवेअर उघडली जाणारी फाइल तत्क्षणी तपासते. विदागाराच्या फाइली आकाराने प्रचंड असतात आणि सतत बदलत असतात. सर्व्हर आणि तपासनीस या दोघांनी एकच फाइल एकाच वेळी मागितल्यास काम मंदावते, क्वचित विदागार उघडतच नाही. एसक्यूएल सर्व्हरच्या विदा व नोंदवहीच्या फाइली वगळण्याची सूचना खुद्द मायक्रोसॉफ्ट देते, ती याच कारणाने.

दुसरे कारण म्हणजे निर्दोष फाइलीवर होणारी चुकीची कारवाई. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका अद्यतनाने विंडोज एक्सपीमधील ‘एसव्हीसीहोस्ट’ ही अत्यावश्यक फाइल विषाणू ठरवली आणि जगभरातील असंख्य संगणक ठप्प झाले. अशा प्रसंगी अपवाद हा तात्पुरता उपाय असतो. फाइल उत्पादकाकडे पाठवून मूळ चूक दुरुस्त करून घेणे हा खरा मार्ग होय.

प्रकार व मांडणी

मायक्रोसॉफ्ट डिफेंडरमध्ये अपवाद प्रामुख्याने फाइलीचा वा फोल्डरचा मार्ग, फाइलीचा प्रकार आणि प्रक्रिया यांवरून नोंदवता येतात. यांपैकी प्रक्रियेच्या अपवादाविषयी सर्वाधिक गैरसमज आढळतो. तो नोंदवल्याने त्या प्रोग्रॅमची स्वतःची फाइल तपासणीतून सुटत नाही. त्या प्रोग्रॅमने उघडलेल्या फाइली सुटतात, आणि त्याही केवळ तत्क्षण तपासणीतून. ठरावीक वेळी होणारी तपासणी त्यांना सोडत नाही. पूर्ण मार्ग न देता नुसते नाव दिले, तर त्याच नावाचा कोणताही प्रोग्रॅम, तो कोठेही ठेवलेला असो, या सवलतीचा लाभ घेऊ शकतो.

मार्ग लिहितानाही काळजी घ्यावी लागते. फोल्डरच्या जागी लिहिलेले तारांकित चिन्ह एकाच पातळीवरील फोल्डर दर्शवते. डिफेंडरची सेवा प्रणालीच्या खात्यावर चालत असल्याने वापरकर्त्याचे व्यक्तिगत फोल्डर दर्शवणारी चले तिथे अपेक्षित अर्थ देत नाहीत. नोंद यादीत दिसते, पण परिणाम होत नाही. ‘ईएक्सई’सारखा प्रकार सरसकट वगळणे तर तपासणी जवळपास बंद करण्यासारखेच होय.

या नोंदी ग्रुप पॉलिसी, इन्ट्यून किंवा पॉवरशेलद्वारे केल्या जातात. पॉवरशेलमधील ‘ॲड-एमपीप्रेफरन्स’ ही आज्ञा यादीत भर घालते, तर ‘सेट-एमपीप्रेफरन्स’ आधीची यादी पुसून नवी लिहिते.

गैरवापर

अपवादाची यादी संरक्षकाला जितकी उपयोगी, तितकीच हल्लेखोरालाही. लोकप्रिय उत्पादनांच्या शिफारसयाद्या जाहीर असतात, त्यामुळे कोणते फोल्डर पहाऱ्याबाहेर असेल याचा अंदाज बाहेरूनच बांधता येतो.

याचे ठळक उदाहरण २ जुलै २०२१ रोजी घडले. कासेया कंपनीचे व्हीएसए हे दूरस्थ व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना त्याचे कार्य-फोल्डर तपासणीतून वगळण्याची शिफारस करण्यात आली होती. व्हीएसएमधील त्रुटीचा फायदा घेऊन ‘आरईव्हिल’ टोळीने आपले खंडणीखोर सॉफ्टवेअर नेमके त्याच फोल्डरमध्ये उतरवले. शिवाय डिफेंडरची तत्क्षण तपासणी बंद करणाऱ्या आज्ञाही त्यासोबत धाडल्या होत्या. स्वीडनमधील कूप या दुकानसाखळीचा कासेयाशी थेट व्यवहार नव्हता. तरीही तिच्या गल्ल्यांची यंत्रणा सांभाळणाऱ्या पुरवठादारामार्फत हल्ला तिच्यापर्यंत पोहोचला आणि सुमारे ८०० दुकाने बंद ठेवावी लागली.

उत्पादकांचा सल्लाही कालांतराने बदलतो. एक्सचेंज सर्व्हरसाठी पूर्वी सुचवलेले काही अपवाद, त्यांत पॉवरशेलची प्रक्रियाही होती, काढून टाकावेत असे मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०२३ मध्ये सांगितले. त्या आडोशाने हल्लेखोरांची साधने लपून राहू शकत होती. विंडोज १० मध्ये डिफेंडरची अपवादयादी संगणकावरील कोणताही सामान्य वापरकर्ता वाचू शकत असे. २०२२ च्या सुरुवातीला ती मुभा प्रशासकांपुरती मर्यादित करण्यात आली.

देखरेख

प्रत्येक नोंदीसोबत तिचे कारण, ती मागणारा विभाग आणि फेरविचाराची तारीख लिहून ठेवणे इष्ट असते. एरवी काढून टाकलेल्या सॉफ्टवेअरचे अपवाद वर्षानुवर्षे यादीत राहतात, आणि ते कशासाठी होते हे सांगणारे कोणी उरत नाही. स्थानिक प्रशासकांनी घातलेले अपवाद मध्यवर्ती यादीत मिसळू न देण्याची सोय डिफेंडरमध्ये आहे.

नोंद अपेक्षेप्रमाणे काम करते का, हे पाहण्यासाठी ‘आयकार’ नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी-फाइल वापरतात. ती वगळलेल्या फोल्डरमध्ये शाबूत राहिली आणि शेजारच्या फोल्डरमध्ये पकडली गेली, तर मार्ग बरोबर लिहिला आहे असे समजते. दोन्हीकडे शाबूत राहिल्यास अपवाद हवा त्याहून व्यापक झालेला असतो, किंवा तपासणीच बंद असते.