देखावा आणि गोष्ट

परग्रहांवरच्या स्वाऱ्या, माणसासारखी बोलणारी यंत्रे, ढगांत उभारलेली शहरे असल्या चित्रपटांचा हल्ली सुकाळ आहे. खेळ सुटल्यावर बाहेर पडणाऱ्या मंडळींच्या तोंडून बहुधा एकच निकाल ऐकू येतो : "गोष्टीत काही राम नव्हता, पण देखावे मात्र काय बहारीचे!" आता एवढ्यावर पैसे वसूल झाले म्हणावयाचे की नाही? देखाव्याच्या पुण्याईवर फसलेली गोष्ट तरून जाते काय?

विज्ञानपटांपुरते बोलावयाचे तर हा खटला पहिल्यांदा गाजला तो जर्मनीत. 10 जानेवारी 1927 रोजी फ्रिट्झ लांग याचा 'मेट्रोपोलिस' बर्लिनमध्ये झळकला. वर धनिकांचे गगनचुंबी मनोरे आणि खाली भुयारात यंत्रांपुढे राबणारे मजूर, असे ते भविष्यातले नगर. लहानशा प्रतिकृती आणि जिवंत माणसे आरशांच्या युक्तीने एकाच चौकटीत बसविली होती. खर्च पन्नास लाख मार्कांवर गेला आणि काढणारी कंपनी जेरीस आली. एच. जी. वेल्स म्हणजे विज्ञानकथेचा पितामह. त्याने न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात या चित्रपटाची अक्षरशः साले काढली. यंत्रे वाढली म्हणजे माणसाचे राबणे कमी होते, मग या नगराला इतके गुलाम हवेत कशाला, हा त्याचा आक्षेप. आक्षेप रास्तच होता. शेवटी मालक आणि मजूर हस्तांदोलन करतात व सारे गोड होते. तो शेवट पुढे खुद्द लांगलाही पटेनासा झाला.

ही गोष्ट लिहिली होती लांगची पत्नी थेआ फॉन हार्बू हिने. पुढे लांगशी काडीमोड झाल्यावर या बाईंनी बेळगावजवळच्या बेळगुंदीचे पत्रकार आयी तेंडुलकर यांच्याशी गुपचूप लग्न केले. म्हणजे नाते जोडावयाचेच तर त्या आपल्या मुलखाच्या सूनबाई. तेव्हा त्यांच्या कथेला फार नावे ठेवणे बरे नव्हे!

पण गंमत पाहा. या चित्रपटाचा हरवलेला बराचसा भाग 2008 साली ब्यूनोस आयरिसमध्ये सापडला, तेव्हा जगभरच्या रसिकांना हर्ष झाला. गोष्टीसाठी खचितच नव्हे. पाळी बदलते त्या वेळी मजुरांच्या दोन रांगा माना खाली घालून चालतात. कामावर जाणाऱ्यांपेक्षा सुटलेल्यांची पावले मंद, जणू आतले बळ कोणी शोषून घेतले आहे. एकदा पाहिलेले हे दृश्य माणूस विसरत नाही. गोष्टीला जे धड सांगता आले नाही, ते या दोन रांगा मुक्याने सांगून जातात.

आमच्या सांगलीला हा प्रश्न त्याहून 84 वर्षे आधी पडलेला आहे. कर्नाटकातून आलेल्या नाटक मंडळीचे खेळ पाहून सांगलीचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी विष्णुदास भावे यांना तसले काही मराठीत करावयास सांगितले. त्यातून 1843 साली 'सीता स्वयंवर' उभे राहिले. 5 नोव्हेंबर हा त्याचा दिवस आपण रंगभूमी दिन म्हणून पाळतो आणि तो बहुधा दिवाळीच्या आगेमागेच येतो. त्या नाटकात लिहिलेले संवाद नव्हते. सूत्रधार पदे म्हणे आणि पात्रे आयत्या वेळी सुचेल ते बोलत. खरी मौज होती ती सोंगांची : गणपती, सरस्वती, आणि रंगविलेल्या तोंडांचे, आरोळ्या ठोकीत येणारे राक्षस. पुढल्या शहाण्या पिढीने या खेळांना 'अललडुर्र' म्हणून हिणविले. नाट्य म्हणून पाहता त्यात तसे उणेच फार. पण पुढे भाव्यांची मंडळी गावोगाव हिंडली आणि नाटक पाहावयास जमण्याची सवय माणसांना लागली. सांगलीपासून हाकेच्या अंतरावरच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी 1899 साली 'शारदा' रंगभूमीवर आणली. तीत ना राक्षस ना चमत्कार. एक म्हातारा नवरा आणि एक पोर, एवढेच. तिला प्रेक्षक आयते लाभले, ते त्या राक्षसांनीच गोळा केलेले होते.

देखावा आणि गोष्ट यांचा हिशेब नीट मांडावयाचा तर कीचकाची कथा घ्यावी. ती या कृष्णाकाठच्या मुलखात तीनदा सांगितली गेली. पहिल्यांदा सांगितली ती सांगलीत जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी, 1907 साली. 'कीचकवध' नाटकातला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हे प्रेक्षकांना कोणी फोड करून सांगावे लागले नाही. सैरंध्रीची विटंबना म्हणजे देशाची विटंबना, धर्मराज म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल. जादू नाही, यंत्र नाही, सारा भार शब्दांवर. इंग्रज सरकारला ते शब्द इतके झोंबले की 1910 साली नाटकावर बंदी आली.

दुसऱ्यांदा सांगितली कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी, 1920 साली, 'सैरंध्री' या मूकपटात. नाटकांचे पडदे रंगविणाऱ्या या कलावंताने कॅमेराही स्वतःच्या हाताने घडविला होता. मूकपटच तो, तेव्हा बोलणे बंद. म्हणून त्यांनी सारा जीव भीमाच्या हातांत घातला. कीचकाचे मुंडके धडावेगळे होताना पाहून थिएटरात किंकाळ्या उठत, असे सांगतात. पुढे सेन्सॉरने तो भाग कापावयास लावला. खाडिलकरांचे शब्द आणि पेंटरांचे दृश्य, दोन्हींना सरकारची कात्री लागली, यातच दोघांची बरोबरी नाही काय?

तिसरी खेप 'प्रभात'ची. पेंटरांच्याच हाताखाली तयार झालेल्या व्ही. शांताराम यांनी 1933 साली तीच 'सैरंध्री' रंगीत काढली. रंग चढविण्यासाठी फिती थेट जर्मनीला नेल्या. खर्च, खटाटोप, नावीन्य, कशाचीच वाण नव्हती. पण पडद्यावर रंग मनासारखे उतरले नाहीत, आणि चित्रपट पडला. मला वाटते, रंग सुरेख उतरले असते तरी कथेचा त्यात काय लाभ होता? भीमाचा संताप रंगावाचूनही लालच दिसतो. पेंटरांचे दृश्य कथेच्या मर्मातून आले होते. हे रंग वरून चढविलेले.

तरीही या अपयशाला मी व्यर्थ म्हणणार नाही. आम्ही पोरे पुसेगावच्या यात्रेत तंबूतला सिनेमा पाहत असू. बाबूभाई मिस्त्रींच्या 'संपूर्ण रामायणा'त (1961) बाणाला बाण भिडून ठिणग्या उडाल्या की कथा कुठवर आली आहे याची आम्हांला शुद्ध राहत नसे. मुलाची नजर तिथेच तयार होते. आज वर्गातली मुले परग्रहाचे एखादे भिकार कथानक पाहून येतात आणि शनीची कडी कशाची असतात म्हणून विचारतात. त्यांना मी चित्रपट वाईट होता असे सांगत बसत नाही, कड्यांचे बर्फ आणि खडक सांगतो.

शांतारामबापू जर्मनीहून परतले ते रिकाम्या हातांनी नव्हे. तिथल्या चित्रपटांतला छायाप्रकाशाचा खेळ त्यांच्या डोळ्यांत भरला होता. 1934 साली पुण्याला 'अमृतमंथन' आला. बळीची प्रथा बंद करणाऱ्या राजाचा काटा काढणारा राजगुरू चंद्रमोहन यांनी केला होता. त्याची धर्मांधता दाखवावयास लांबलचक भाषणे रचता आली असती. शांतारामबापूंनी दूरवेधी भिंगातून त्याचा एकच डोळा टिपला. थिएटरच्या अंधारात, पडदाभर, तो एक डोळा.